इथे बसा, आम्ही बघून येतो

कुठल्याही जुन्या बागेच्या, मकबऱ्याच्या किंवा किल्ल्याच्या दाराशी रविवारी तासभर बसलात, तर हे वाक्य कानावर पडतंच. कधी मराठीत, कधी आमच्या दखनीत: "तुम बैठो इधर, हम देखके आते." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. ज्याला बसवलं जातं त्याच्या ताब्यात पाण्याच्या बाटल्या, डबे, जादा चपला आणि एखादं झोपलेलं मूल दिलं जातं. मग कुटुंब आत जातं आणि तो माणूस दाराबाहेरच्या शेंगदाणेवाल्याशी गप्पा मारत बसतो. घरी गेल्यावर फोटो दाखवले जातात. त्याची सहल फोनच्या पडद्यावर होते.

माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, गेली चाळीस वर्षं असे दाराबाहेर बसत आलेत. जन्म १९७१ चा, दीड वर्षाचे असताना पोलिओ. डाव्या पायाला कॅलिपर, हातात कुबडी. फॅन, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या मोहल्ल्यात कुणी नाही. लहान असताना अब्बा त्यांना पाठीवर घेऊन सगळीकडे फिरवायचे. अकराव्या वर्षी त्यांनी अब्बांना सांगितलं, आता पाठीवर नाही. अब्बांना वाईट वाटलं, पण ते समजले. तेव्हापासून भाईजान स्वतःच्या पायांनी जिथवर जाता येतं तिथवर जातात, आणि पुढे थांबतात.

हे आधी सांगितलं, कारण "चार माणसं धरू, उचलून वर नेऊ" असं अगदी प्रेमाने म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हेतू नेक असतो. पण पन्नाशीच्या माणसाला, तेही बायका-मुलांसमोर आणि दोनशे अनोळखी लोकांसमोर, पोत्यासारखं उचलून घ्यायला कसं वाटत असेल? उचलणाऱ्याचा हात निसटला तर ते वेगळंच.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांपाशी अडखळण्याची सवय आहे. मराठीत आपण अपंग म्हणायचो, २०१५ च्या डिसेंबरनंतर सरकारी कागदावर दिव्यांग आलं. उर्दूत आमच्याकडे शब्द आहे माज़ूर. तो आलाय उज़्र या अरबी मुळापासून. उज़्र म्हणजे सबब, कारण. माज़ूर म्हणजे ज्याची सबब मान्य झाली, ज्याला सूट मिळाली असा माणूस. फिक़्हमध्ये हा फार दिलदार शब्द आहे. उभं राहता येत नाही? बसून नमाज पढा. बसता येत नाही? आडवं होऊन, इशाऱ्याने पढा. नमाज तुमच्यासाठी आकार बदलते. पण हाच शब्द घरात आणि रस्त्यावर आला की त्याचा अर्थ फिरतो. "वो माज़ूर है, उसको रहने दो." म्हणजे तुम्हाला माफ आहे, तुम्ही येऊ नका. सूट होती ती सुट्टी झाली.

आपल्या वाचकांना हज़रत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम माहीत असतील. दृष्टिहीन सहाबी. हज़रत बिलाल यांच्याबरोबर त्यांनीही मदिनेत अज़ान दिली. हदीसमध्ये येतं की मशिदीत आणणारा कुणी नाही, तेव्हा घरीच नमाज पढण्याची सूट मिळावी असं एका दृष्टिहीन सहाबींनी हुज़ूर (स.) यांना विचारलं. आधी सूट मिळाली. ते परत निघाले तेव्हा त्यांना बोलावून विचारण्यात आलं की अज़ान ऐकू येते का. हो म्हटल्यावर त्यांना येण्यास सांगितलं गेलं. आलिम लोक यावरून जमातीच्या नमाजाचं महत्त्व सांगतात, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला बोलावलं, त्याची वाट मोकळी करण्याची जबाबदारी मग बोलावणाऱ्या जमातीवर येते. आपल्या दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या पायऱ्या मोजल्या तर ही जबाबदारी आपण किती घेतली ते कळेल. हा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. आज बागांबद्दल.

आमचं औरंगाबाद, कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर, बागांचं शहर होतं. बीबी का मकबरा आपण इमारत म्हणून बघतो, फोटोही घुमटाचा काढतो. पण खरं तर ती एक बाग आहे आणि बागेच्या मधोमध कबर आहे. दिलरस बानो बेगम १६५७ साली गेली, त्यानंतर हे बांधकाम झालं. मुख्य दरवाजाच्या पितळी पत्र्यावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावं कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. सगळं आवार साधारण ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद. म्हणजे सुमारे तीस एकर, आणि त्यातला फार थोडा भाग इमारतीने व्यापलेला. बाकी चारबाग: सरळ रेषेत जाणाऱ्या वाटा, मधून पाणी, बाजूला झाडांचे चौकोन.

चारबागेची ही रचना नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ही चालण्याची जागा आहे आणि तिच्या वाटा सपाट आहेत. पाणी संथ वाहायचं तर जमीन जवळजवळ एका पातळीत लागते, म्हणून बांधणाऱ्यांनी ती तशी केली. किल्ला मुद्दाम अवघड बांधलेला असतो. देवगिरीची अंधेरी शत्रूला चढता येऊ नये म्हणूनच आहे. तिथे व्हीलचेअर न्या असं भाईजानही म्हणत नाहीत, उलट हसतात: "मेरेकू नक्को, वो तो अच्छे-अच्छों को नहीं चढ़ता." पण बाग माणसाला आत घेण्यासाठी केलेली असते. तिच्यात अडचण फक्त सांध्यांवर येते: दाराचा उंबरा, दोन वाटांमधला फरक, चौथऱ्याच्या पायऱ्या. तीस एकरांतली एवढी चार-दोन ठिकाणं सोडवली की उरलेली बाग आपोआप उघडते.

मकबऱ्याच्या चौथऱ्याची गंमत सांगते. पायऱ्या चढून उंच चौथऱ्यावर जायचं, आत शिरायचं, आणि मग संगमरवरी जाळीच्या आडून खाली, जवळजवळ जमिनीच्या पातळीला असलेली कबर वाकून बघायची. म्हणजे खालचं बघण्यासाठी वर चढायचं! ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी खाली बागेच्या वाटेवर त्या आतल्या भागाचा एक हाताळता येईल असा नमुना ठेवला, जाळीच्या नक्षीची एक प्रतिकृती ठेवली, तर दृष्टिहीन माणसालाही ती बोटांनी वाचता येईल. डोळस लोकही आधी तिथेच गर्दी करतील, हे मी शाळेच्या सहली नेऊन नेऊन खात्रीने सांगू शकते.

आता आणखी एक गोष्ट. त्या बेगमच्या नवऱ्याचं नाव काढलं की आजकाल लोक बाह्या सरसावतात. तो वाद इथे नको, मला त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलायचंय. १७०० साली औरंगजेबाची छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. ऑक्टोबरमध्ये रात्री अचानक पूर आला, धावपळीत बादशहाचा उजवा गुडघा निखळला, आणि पुढे आयुष्यभर ते लंगडत राहिले. दरबारी लोकांनी समजूत काढली की हा तर तैमूरचा वारसा. तैमूरलाही लोक लंग म्हणायचेच. म्हातारपणी बादशहाला पालखीत बसवून नेलं जायचं, तसं चित्रही आहे. म्हणजे हिंदुस्थानच्या तख्तावर पायाने अधू माणूस बसलेला होता आणि त्याचं काही अडलं नाही. कारण त्याच्यासाठी आठ भोई होते. मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाला भोई नसतात. त्याला उतार लागतो.

म्हणूनच "मूळ वास्तूत रॅम्प नव्हता, आता कसा घालणार?" हा प्रश्न मला पटत नाही. मूळ वास्तूत तिकीट खिडकी नव्हती. सीसीटीव्ही, विजेचे दिवे, मेटल डिटेक्टर, पिण्याच्या पाण्याचा कूलर, फोटो काढायला रंगीत अक्षरांचं शहराचं नाव, यातलं काहीच नव्हतं. हे सगळं बसवताना इतिहास आडवा आला नाही. तो फक्त उताराच्या वेळी येतो.

अर्थात दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. जुन्या दगडाला भोक पाडायचं नाही, सिमेंट ओतायचं नाही, हे बरोबरच. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर २०२० साली, ३ डिसेंबरला म्हणजे जागतिक दिव्यांग दिनीच, नवी लिफ्ट सुरू झाली. तिच्याबरोबर वरती काँक्रीटच्या वाटा केल्या, त्यावरून पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी बरीच टीका केली. पण लाकडाचा किंवा लोखंडाचा, स्वतःच्या वजनावर उभा राहणारा, उद्या उचलून नेता येईल असा रॅम्प दगडाला ओरखडाही काढत नाही. त्याचं गणित सोपं आहे. एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. सहा इंचांचा उंबरा असेल तर सहा फुटांची फळी पुरते. दहा फुटांचा चौथरा असेल तर एकशेवीस फूट, शिवाय मधे थांबायला सपाट जागा. तिथे मात्र हे जमेलच असं नाही, हे मान्य. पण दहा फुटांचं जमत नाही म्हणून सहा इंचांचंही करायचं नाही, असं आपल्याकडे चालतं.

असे रॅम्प आपल्या देशात एकदा रातोरात लागले होते. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले, दिल्लीच्या वास्तू त्यांना बघायच्या होत्या. कुतुबमिनारसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी तात्पुरते लाकडी रॅम्प टाकले गेले. त्यामागे जावेद आबिदी यांचा पाठपुरावा होता. आबिदी स्वतः व्हीलचेअरवर असायचे. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा व्हावा म्हणून झालेल्या चळवळीत ते पुढे होते, विमानात चढण्याच्या सोयीसाठी सुप्रीम कोर्टात गेले, २०१८ च्या मार्चमध्ये गेले. आपल्या समाजात मुलांना सांगण्यासारखी नावं शोधतो आपण, त्यांत हे नाव मी फार कमी वेळा ऐकलंय. आबिदींचं म्हणणं साधं होतं: जे एका मोठ्या पाहुण्यासाठी होऊ शकतं ते इथल्या माणसांसाठी का नाही?

ही माणसं किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, आपल्या महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर. पोलिओ संपला म्हणून हा प्रश्न संपेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, २०१४ साली आपण पोलिओमुक्त झालो, अल्हम्दुलिल्लाह. पण शुगरने पाय गमावलेले, मोटारसायकलवरून पडलेले, पक्षाघात झालेले, आणि गुडघे गेलेल्या आपल्या अम्म्या-खाला रांगेत आहेतच. शिवाय ती मोजणी सात-आठ प्रकारांची होती, २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत.

तो २०१६ चा कायदा वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक इमारतीच्या त्याच्या व्याख्येत शाळा-दवाखान्यांबरोबर धार्मिक, सांस्कृतिक आणि करमणुकीच्या जागाही येतात. कलम ४५ म्हणतं, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करा. नियम निघाले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं कधी संपली ते तुम्हीच मोजा. पुढे राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगमतेचे सरकारी नियम नुसत्या शिफारशींसारखे आहेत, बंधनकारक नाहीत, आणि कायद्याला ते धरून नाही. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा असा आदेश दिला. खटला २००५ साली सुरू झाला होता. म्हणजे तेव्हा पहिलीत असलेलं मूल निकालाच्या वेळी नोकरीला लागलं असेल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे एका जुन्या शाही बागेत गेलो. नाव लिहीत नाही. भाईजानच्या खांद्याला आता कुबडी सोसत नाही, म्हणून घडीची व्हीलचेअर सोबत होती. दाराशी लोखंडी नळ्यांचं गोल फिरणारं फाटक. गुरं आणि मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून असतं तसं. एक सडपातळ माणूस जेमतेम जाईल. शेजारी मोठं फाटक होतं, कुलूपबंद. पहारेकरी बिचारा भला माणूस, त्याने दोनदा फोन लावला. किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. "इनको इधरच बिठा दो ना मॅडम, सावली में," तो म्हणाला. चाळीस मिनिटं गेली. मग झाडांना पाणी घालणारा टँकर आला, आणि त्याच्यासाठी ते मोठं फाटक उघडलं. भाईजान टँकरच्या मागोमाग आत गेले. जाताना मला म्हणाले, "मुन्नी, देख, पानी का हक़ मेरेसे ज़्यादा है."

आत गेल्यावर मात्र वाट गुळगुळीत दगडाची, सपाट, दोन्ही बाजूंना चिंच आणि कडुनिंब. माझा भाचा खुर्ची ढकलत होता, थोड्या वेळाने भाईजाननी त्याला बाजूला केलं आणि स्वतःच चाकं फिरवू लागले. कोरड्या हौदाशी थांबले. मुलं फोटोंच्या मागे होती. भाईजान मात्र वाकून कारंज्यांच्या तोट्या बघत होते. मग मुलांना बोलावून विचारलं, वीज नव्हती, मोटार नव्हती, मग ही कारंजी उडायची कशी? कुणालाच सांगता येईना. त्यांनी समजावलं: दूर कुठेतरी पाणी उंचावर साठवायचं, मातीच्या बंद नळातून खाली आणायचं, नळ बारीक करत आणायचे, म्हणजे उंचीचा दाब तोटीपाशी येऊन फुटतो. आपल्या पाणचक्कीला हेच. डोंगराकडचं पाणी खापरी नळातून येतं, उंच भिंतीवरून पडतं आणि त्या जोरावर जातं फिरतं. मलिक अंबरच्या नहरीचंही हेच. कुठला नळ चोंदला असेल, कुठे फुटला असेल, याचा अंदाज बांधत ते त्या हौदाभोवती अर्धा तास फिरले. शेजारच्या दोन अनोळखी कुटुंबांतली पोरं पण येऊन उभी राहिली. मी वीस वर्षं सहली नेतेय, माझ्याकडून मुलांना त्या हौदाबद्दल फक्त सनावळी मिळाली असती.

दुपारी त्यांना शौचालयाला जायचं होतं. बाहेर निळ्या पाटीवर व्हीलचेअरचं चित्र होतं, आणि दाराला दोन पायऱ्या. आम्ही लवकर घरी निघालो. बायकांना हे वेगळं सांगायला नको. बाहेर जायचं म्हणजे सकाळपासून पाणी कमी प्यायचं, हे आपण सगळ्याच शिकलेलो असतो. व्हीलचेअरवरच्या बाईचं काय होत असेल, याचा विचार करून बघा.

यंदा नववीच्या वर्गाला औपचारिक पत्रलेखन शिकवताना मी पुस्तकातला विषय बाजूला ठेवला. शाळेपासून जवळच एक जुनी बाग आहे, तिथे मुलांना मोजपट्टी घेऊन नेलं. दाराचा उंबरा सात इंच. फिरत्या फाटकात जागा चौपन्न सेंटीमीटर, आणि व्हीलचेअरला नव्वदचं दार हवं. तिकीट खिडकी एवढी उंच की वर्गातल्या बुटक्या मुलालाही टाचा उंचवाव्या लागल्या. बाकांना हात टेकायला काही नाही. आतल्या वाटांवर मात्र शंभर पावलांत एकही पायरी नाही, हे मुलांनीच मोजून काढलं आणि त्यांना त्याचं फार नवल वाटलं.

उर्दू माध्यमाची मुलं, मराठी पत्र लिहिताना "महोदय" आणि "आपला विश्वासू" यात घाम गाळतात. या वेळी चुका कमी झाल्या, कारण सांगायला काहीतरी होतं. बेचाळीस पत्रांतून वर्गाने एक निवडलं. त्यात सात फुटांची लाकडी फळी मागितली आहे, मोठ्या फाटकाची किल्ली पहारेकऱ्याकडेच ठेवण्याची विनंती आहे, आणि शौचालयाच्या दोन पायऱ्यांचा उल्लेख आहे. खाली एका मुलीने स्वतःच्या मनाने ताजा कलम घातला: "फळी बनवायला उशीर लागत असेल तर माझे वडील सुतार आहेत. ते लाकडाचेच पैसे घेतील, मजुरी घेणार नाहीत."

पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती आली आहे, ती वर्गाच्या फळ्याशेजारी चिकटवून ठेवली आहे.